मीटरवाल्याचे सहा रविवार

मोटरसायकल शिकायला आलेला माणूस मला पहिल्या पाच मिनिटांत कळतो, अशी बढाई मी अठरा वर्षं मारत आलो आहे. हँडल आवळून धरणारा घरातही सगळं आवळूनच धरत असतो. पहिल्याच दिवशी 'परीक्षा कधी?' असं विचारणाऱ्याला गाडी नको असते, नुसता कागद हवा असतो. मीटरवाल्यांच्या बाबतीत मात्र माझा अंदाज साफ चुकला. त्यांना ओळखायला मला सहा आठवडे लागले, आणि ओळखल्यावरही मी घालायचा तो घोळ घातलाच.

आमचा वर्ग म्हणजे एका बंद गोदामामागचं सिमेंटचं मैदान. एका बाजूला गोदामाची लांबलचक भिंत, दुसऱ्या बाजूला तारेचं कुंपण, मध्ये मी खडूने आखलेल्या रेघा आणि नारिंगी शंकू. सहा रविवार, सकाळी सात ते दहा. ज्यांनी जन्मात गाडीला हात लावलेला नाही अशांसाठीच हा वर्ग आहे. थोडंफार येणाऱ्याला मी घेत नाही, कारण मित्राने शिकवलेलं विसरायला लावण्यातच माझी निम्मी सकाळ जाते. सहाव्या रविवारी परीक्षा. पास झालं की दाखला, आणि दाखल्यावर परवाना.

त्या खेपेला पाच जण होते. चार तरुण, आणि पाचवे हे. वय एक्कावन्न. इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खांद्याला कातडी पिशवी, पायात झिजलेले पण चकचकीत पॉलिश केलेले बूट. नोकरीच्या रकान्यात त्यांनी 'पाणी खातं, मीटरवाचक' असं सुबक अक्षरात लिहिलं होतं. मी ते वाचलं नाही. फॉर्म मी कधीच वाचत नाही; फक्त सही आहे का ते बघतो.

पहिल्या रविवारी इंजिन सुरूच करायचं नसतं. गाडीवर बसायचं आणि दोन्ही पायांनी चालत ती या टोकाहून त्या टोकाला न्यायची. तरुण मंडळी दहा पावलांत कंटाळली. हे गृहस्थ मात्र एका चालीत, एका रेषेत गेले आणि तसेच परत आले. चालण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. "बघा, पाय असे पडले पाहिजेत," मी सगळ्यांदेखत म्हटलं. त्यावर ते इतके लाजले की बांधलेलीच नाडी पुन्हा बांधायला खाली वाकले.

दुसऱ्या रविवारी इंजिन सुरू झालं आणि सगळं कौतुक संपलं. क्लच हळूहळू सोडत आणायचा, गाडी कुठे ओढ घेते ती जागा बोटांना कळू द्यायची, मग अगदी बेताने अ‍ॅक्सिलरेटर. हे त्यांना छान जमलं. गाडी निघाली, वीस-पंचवीस फूट सरळ गेली, आणि मग सावकाश, अगदी विचारपूर्वक म्हणावी अशी, उजवीकडच्या भिंतीकडे वळली. मी ओरडलो. त्यांनी ब्रेक दाबला. पुन्हा केलं. पुन्हा भिंत. एवढं मोठं मैदान पडलं होतं, पण यांना तीच भिंत प्यारी.

मी पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगतो की तुम्ही जिकडे बघाल तिकडेच गाडी जाते. खड्डा बघाल तर खड्ड्यात जाल. पार पलीकडे, जिथे पोचायचं आहे तिथे बघा. त्यांनी ते वाक्य एका छोट्या वहीत लिहूनही घेतलं होतं. तरी तिसऱ्या रविवारी ते भिंतीला घासून पडले. कोपर सोललं, गुडघ्याला लागलं आणि माझ्या गाडीचा आरसा फुटला. माझं डोकं फिरलं.

"अहो, काय ठेवलंय काय तुमचं त्या भिंतीत?"

"काही नाही, सर," ते कोपर धरून गंभीरपणे म्हणाले. "मी बघितलं."

चारही तरुण खो खो हसले. मला हसू आलं नाही, कारण तीन वर्षांत माझ्या वर्गात एकही माणूस नापास झालेला नव्हता आणि तो आकडा मला राखायचा होता. दया वगैरे काही नव्हती, हे आधीच सांगून टाकतो.

गुडघा सुजला होता म्हणून मी त्यांना मागे बसवून घरी सोडलं. एका लाँड्रीच्या वर, दुसऱ्या मजल्यावरची खोली. खालून वाफेचा आणि साबणाचा वास. पलंग, टेबल, भिंतीला तीन खिळे आणि त्यांवर तीन शर्ट. खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर जुन्या नोंदवह्यांचा ढीग होता. मला बसायला जागा करावी म्हणून त्यांनी तो उचलला, मग कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून तो मांडीवर घेऊनच पलंगावर बसले. त्या खुर्चीवर बऱ्याच दिवसांत कोणी बसलं नसणार. मी चहा घेतला, आणि त्यांनी घेतला नाही. कप एकच होता हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं.

"कोणी असतं का तुमच्याबरोबर?" मी विचारलं.

"बहीण आहे. लांब असते. फोन करते. पण तिच्या घरात सारखं कोणी ना कोणी तिला हाक मारत असतं, मग ठेवते."

मग त्यांनी सांगितलं ते असं. बावीस वर्षं ते पायी फिरून पाण्याची मीटरं वाचत होते. आता खात्याने हद्द वाढवली, मीटरवाचकाकडे मोटरसायकल हवीच असं ठरवलं. महिनाअखेर दाखला दिला नाही तर त्यांना कचेरीच्या तळघरात बसवणार होते, जुन्या कागदपत्रांच्या विभागात.

"मग बरंच आहे की!" मी म्हटलं. "पायपीट संपली. पंख्याखाली बसा, पगार तोच."

"तिथे कोणी नसतं, सर."

"आणि तुमच्या फेरीत कोण असतं?"

"सगळे असतात," ते म्हणाले. "चारशे बारा घरं आहेत माझी."

माझी, असं म्हणाले. आमच्या घरात सहा माणसं आणि एक न्हाणीघर. क्षणभर एकटं बसायला मिळावं म्हणून मी धुतलेली गाडी पुन्हा धुवायला बाहेर जातो. तळघरात एकट्याने बसायला मिळणार म्हणून कोणाच्या तोंडचं पाणी पळेल, हे माझ्या डोक्यातच शिरेना.

पण भिंतीचं कोडं मला स्वस्थ बसू देत नव्हतं. मंगळवारी मला सुट्टी असते. सकाळी मी त्यांच्या फेरीला बरोबर गेलो. चौथ्या घरापाशीच कपाळाला हात लावला. त्या वस्तीत सगळी मीटरं फाटकाच्या उजव्या अंगाला, भिंतीत, गुडघ्याएवढ्या उंचीवर बसवलेली होती. बावीस वर्षं हा माणूस रस्त्याच्या कडेने चालत उजवीकडे खाली बघत आला होता. गाडीवर बसला की डोळे आपले नेहमीच्या कामाला लागायचे आणि गाडी बिचारी डोळ्यांच्या मागे जायची. मी फॉर्म वाचला असता तर आरसा वाचला असता.

त्यांची फेरी बघण्यासारखी होती. पिशवीतली किल्ली काढायची, लोखंडी झाकण उघडायचं, काच रुमालाने पुसायची, आकडा लिहायचा, झाकण लावायचं. एका घराला एक मिनिट. आणि चालता चालता मला माहिती देणं चालू. "इथे मार्चमध्ये बाळ झालं, आकडा एकदम चढला. इथल्या दोघी मुली शिकायला बाहेर गेल्या, निम्म्यावर आला. इथे हल्ली एकच माणूस राहतं. दोघांतलं कोण गेलं ते विचारायला जीभ रेटत नाही."

ही सगळी माणसं त्यांना घरच्यासारखी माहीत होती. आणि त्या माणसांना हे? मी तीस घरं मुद्दाम बघितली. बहुतेक ठिकाणी कोणी बाहेर आलंच नाही. एका बाईने फोनवर बोलता बोलता हातानेच 'बघा, बघा' अशी खूण केली. एक गृहस्थ म्हणाले, "मीटर का? हं." एका पोराने आत ओरडून सांगितलं, "कोणी नाही, मीटरवाला आहे!" मीटरवाले मात्र प्रत्येक फाटकाबाहेर पडल्यावर मला म्हणत, "फार चांगली माणसं आहेत." मला वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. कोणाचा ते सांगता यायचं नाही.

एक घर मात्र वेगळं निघालं. गल्लीच्या वळणावरचं, रस्त्याच्या बाजूला मोठी खिडकी असलेलं. तिथे मीटरवाले वाकले, किल्ली फिरवली आणि झाकणाशी झटापट करू लागले. "अडकलंय," ते मोठ्याने म्हणाले. झाकणाला ऐकू जावं असं नव्हे, घरात ऐकू जावं असं. लगेच दार उघडलं. सत्तरीचे एक गृहस्थ बाहेर आले. कपाळावर वर सरकवलेलं भिंग, आणि हातात स्क्रू-ड्रायव्हर तयारच.

"आलात? अडकलं ना? अडकायचंच ते," ते म्हणाले.

हे घड्याळं दुरुस्त करायचे. दुकान केव्हाच बंद झालेलं. आता घरीच खिडकीपाशी टेबल टाकून मिळेल ते काम करत. दोघे त्या झाकणापाशी उकिडवे बसले. घड्याळवाले झाकणाच्या फटीत स्क्रू-ड्रायव्हर घालून नुसता हलवत होते. बोलणं चाललं होतं ते असं. पाण्याचा जोर कमी झालाय. हो, सकाळी तर फारच. गुडघा कसा आहे? तुमचा? माझा नेहमीचाच. समोरच्यांनी झाड तोडलं. हो, बघितलं. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा पाण्याचा जोर. पंधरा मिनिटं गेली. माझ्यासारख्या यंत्रातल्या माणसाला हे बघवेना. मी खाली वाकून बिजागरीला बोट लावलं. बोटाला ताजं तेल लागलं. घड्याळाला घालतात तसलं पातळ, स्वच्छ तेल. झाकण करंगळीने उघडलं असतं, पण मीटरवाल्यांनी ते डाव्या हाताने खाली दाबून धरलं होतं.

मी बोट पँटला पुसलं आणि चार पावलं लांब जाऊन उभा राहिलो. माझ्यासारख्या तोंडाळ माणसाने तेव्हा तोंड बंद ठेवलं, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

"नऊ वर्षं झाली," पुढच्या घराकडे जाताना मीटरवाले म्हणाले. "ते झाकण काही सुधारत नाही."

"गंजलं असेल," मी म्हटलं.

"तेच," ते म्हणाले.

त्या फेरीत आणखी एक गोष्ट मला दिसली. त्यांची नजर सतत खाली भिंतीवर, पण दारात माणूस आलं की ती झटकन वर उठायची आणि त्या माणसाच्या चेहऱ्यावरून हलायची नाही. चौथ्या रविवारी मी शंकू बाजूला केले आणि मैदानाच्या पार टोकाला स्वतः जाऊन उभा राहिलो. "मीटर विसरा!" मी ओरडलो. "इकडे मी आहे. माझ्या तोंडाकडे बघा आणि या!"

ते आले. सरळ, खडूच्या रेघेवरून, एक वीतभरही न हलता. इतके सरळ आले की ब्रेक मारायचा राहिला आणि मला उडी मारून बाजूला व्हावं लागलं. चौघांनी टाळ्या वाजवल्या. मग मी वळणाच्या शेवटाला उभा राहिलो, ते वळले. आठच्या आकड्याभोवती मी आणि बेकरीत काम करणारी एक मुलगी, असे दोन टोकांना उभे राहिलो, ते आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत आठ पूर्ण करून आले. पाचव्या रविवारी आरशात बघणं, खांद्यावरून मागे बघणं, दोन्ही ब्रेक एकदम आणि हळू आवळणं, सगळं झालं. सहाव्या रविवारी परीक्षा. तिला बाहेरून तपासनीस येतात. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही असे पळत पळत या टोकाहून त्या टोकाला का उभे राहताय?" मी म्हटलं, "व्यायाम."

दाखला हातात पडल्यावर मीटरवाल्यांनी माझ्याशी हात मिळवला, चार पावलं जाऊन परत आले आणि पुन्हा मिळवला. "माझी माणसं राहिली, सर," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मीही खूश होतो. माझा आकडा राहिला होता.

दोन महिन्यांनी एका रविवारी ते मैदानाच्या कुंपणाबाहेर दिसले. खात्याची मोटरसायकल, डोक्याला पूर्ण बंद हेल्मेट. खांद्याला पिशवी नव्हती. वर्ग संपेपर्यंत तिथेच उभे होते.

"कशी काय चाललीय फेरी?" मी विचारलं.

त्यांनी हँडलला बसवलेली एक काळी डबी दाखवली. खात्याने मीटरं बदलली होती. नव्या मीटरांचा आकडा रस्त्यावरूनच मिळतो. झाकण उघडायला नको, फाटकाशी जायला नको. गल्लीतून ताशी वीसच्या वेगाने जायचं, डबी प्रत्येक घरापाशी एक टुक् करते, झालं. थांबायचं नाही, थांबलं की तेच घर पुन्हा मोजलं जातं. चारशे बाराची बाराशे घरं झाली होती आणि दुपारी बाराच्या आत काम संपत होतं.

"मग दुपारी काय करता?"

"येतो घरी," ते म्हणाले. "सर, एखाद्या रविवारी तुम्हाला टोकाला उभं राहायला माणूस लागलं तर मी मोकळा असतो."

मी हसलो आणि नक्की सांगतो म्हटलं. सांगितलं नाही. नवीन वर्गातले पाचही जण भिंतीपासून लांब राहणारे होते.

पुढच्या महिन्यात माझं स्टॉपवॉच बंद पडलं. ब्रेकचा सराव घेताना मला ते लागतं. कुठे न्यावं याचा विचार करताना मला ते वळणावरचं घर आठवलं. घड्याळवाल्यांनी मला ओळखलं नाही. त्यांनी स्टॉपवॉच उघडलं, भिंग खाली ओढलं आणि काम करता करता खिडकीबाहेर बघत म्हणाले, "इथे पूर्वी एक मीटरवाले यायचे. बदली झाली वाटतं त्यांची. आता कोणी नवीन ठेवलाय, मोटरसायकलवर असतो. मी इथे बसलेला असतो, पण तो कधी मान वळवून बघत नाही."

ती मान मीच सरळ केली होती.

"तेच आहेत ते," मी म्हटलं. "हेल्मेटमुळे ओळखू येत नाहीत एवढंच."

त्यांनी भिंग कपाळावर सरकवलं. "मग थांबत का नाहीत?"

"आता फाटकाशी काम नसतं त्यांचं."

"काम आधी तरी कुठे होतं," घड्याळवाले म्हणाले. "तेल तर मीच घालायचो."

मला इतका आनंद झाला की स्टॉपवॉच तिथेच टाकून मी तडक लाँड्रीवरच्या खोलीकडे निघालो. वाटेत मी मनातल्या मनात ते दोघे त्या खिडकीपाशी बसलेले बघतही होतो. आपण काय थोर काम करतोय असं मला वाटत होतं. मीटरवाल्यांनी दार उघडलं. नोंदवह्यांचा ढीग अजूनही दुसऱ्या खुर्चीवरच होता, म्हणून मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. घड्याळवाले रोज खिडकीत असतात. वाट बघतात. झाकण अडकत नाही हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं, तेल तेच घालायचे.

मीटरवाल्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. मला वाटलं, आनंदाने. मग त्यांनी दोन्ही हात पाठीमागे नेले.

"त्यांना माहीत होतं?" त्यांनी विचारलं.

"अहो, नऊ वर्षं! तेच तर सांगतोय. आता सरळ जा, फाटक उघडा, बेल वाजवा."

ते खिडकीशी गेले. खाली लाँड्रीतल्या बाया चादरींच्या घड्या घालत होत्या, तिकडे बघत राहिले.

"नाही, सर," ते म्हणाले. "नुसतं माहीत नसतं त्यांना, तर कधीतरी गेलो असतो. काहीतरी विचारायला आलो म्हणून सांगितलं असतं. आता कुठल्या तोंडाने जाऊ?"